ताऱ्यांमागची प्रयोगशाळा

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा चैत्राचे ऊन तापू लागले की, आपल्या शाखांमध्ये गृहोपयोगी वस्तूंसाठी कर्ज मागणाऱ्या ग्राहकांची वर्दळ वाढते. अर्जासोबत दुकानदाराचे कोटेशन जोडलेले असते. त्यावर उपकरणाची किंमत असते, वॉरंटीची मुदत असते आणि अलीकडे बहुधा ‘फाइव्ह स्टार’ हे दोन शब्दही असतात. एकाच आकाराच्या तीन ताऱ्यांच्या आणि पाच ताऱ्यांच्या एसीमध्ये काही हजार रुपयांचा फरक पडतो. ग्राहक तो फरक राजीखुशीने मान्य करतो, कारण पुढील वर्षांच्या वीजबिलांतून तो वसूल होईल असा त्याचा हिशेब असतो. बँक त्या फरकासह कर्ज मंजूर करते. म्हणजे एका चिकटपट्टीवरील ताऱ्यांच्या भरवशावर ग्राहक पैसे गुंतवतो आणि बँकही गुंतवते. असे असताना हे तारे कोणी मोजले, कोठे मोजले आणि मोजणाऱ्याचे मोजमाप बरोबर आहे याची खात्री कोण देतो, हे प्रश्न सहसा काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखिकेनेही यशवंतपूर परिसरातील शाखेत रुजू होईपर्यंत ते कधी विचारले नव्हते.

बंगळूरच्या वायव्येस असलेले यशवंतपूर आपल्या वाचकांना रेल्वे स्थानकामुळे आणि तेथील मोठ्या बाजार समितीमुळे ठाऊक असेल. स्थानकाकडून मेखरी सर्कलच्या दिशेने निघाले की, सर सी. व्ही. रामन यांचे नाव दिलेला रस्ता लागतो. याच भागात १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे, आणि याच रस्त्यावर केंद्रीय विद्युत संशोधन संस्था, म्हणजेच सीपीआरआय, उभी आहे. विजेशी या शहराचे नाते जुने आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण झालेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. मराठी उद्योगाचा एक धागाही येथे गुंतलेला आहे. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना १९४६ साली याच शहरात झाली. भारत सरकारने १९६० साली सीपीआरआयची स्थापना केली आणि १९७८ साली तिला स्वायत्त संस्थेचे रूप दिले. भोपाळ, हैदराबाद, नागपूरजवळील कोराडी अशा ठिकाणीही तिची केंद्रे आहेत. मोठी रोहित्रे, स्विचगिअर, केबल यांची कसोटी घेणे हे तिचे मूळ काम. पुढे घरातील उपकरणे किती वीज खातात हे तपासण्याची जबाबदारीही अशा संस्थांकडे आली, त्याला कारण ठरला एक कायदा.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला. त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे आपण ज्याला बीईई म्हणतो ती संस्था, १ मार्च २००२ पासून अस्तित्वात आली. मे २००६ मध्ये तारांकित लेबलाची योजना सुरू झाली. आरंभी ती ऐच्छिक होती. ७ जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, खोलीचे एसी, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्रे यांना लेबल सक्तीचे झाले. नंतर यादी वाढत गेली. १ जानेवारी २०२३ पासून छताचा साधा पंखाही तिच्यात आला. ही शेवटची तारीख ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी आपले काम आहे.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. सर्वांत उद्बोधक चाचणी एसीची आहे आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ती चटकन उमगते, कारण तिचे तत्त्व जमाखर्चाचे आहे. प्रयोगशाळेत शेजारी शेजारी दोन बंदिस्त, उष्णतारोधक खोल्या असतात. मधल्या भिंतीत एसी अशा रीतीने बसवतात की त्याचा गार बाजूचा भाग एका खोलीत आणि गरम हवा सोडणारा भाग दुसऱ्या खोलीत राहील. स्प्लिट एसी असेल तर त्याचे दोन भाग दोन खोल्यांत ठेवतात. पहिल्या खोलीत २७ अंश सेल्सिअस तापमान राखायचे, दुसऱ्या खोलीत, म्हणजे ‘बाहेर’, ३५ अंश. हवेतील आर्द्रताही ठरलेली असते. एसी सुरू झाला की पहिली खोली गार होऊ लागते. ती गार होऊ द्यायची नाही! म्हणून त्याच खोलीत विजेच्या शेगड्या आणि वाफ देणारी उपकरणे चालू ठेवतात. एसी जितकी उष्णता खोलीबाहेर काढतो तितकीच उष्णता ही उपकरणे आत भरतात. तापमानाचा काटा २७ वर निश्चल राहिला की दोन्ही बाजू जुळल्या. मग शेगड्यांना आणि वाफेच्या उपकरणांना किती वीज लागली ते मोजले की एसीने किती उष्णता काढली ते कळते, आणि एसीने स्वतः किती वीज घेतली ते दुसरा मीटर सांगतो. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की कार्यक्षमता निघते.

तत्त्व इतके सोपे असले तरी व्यवहार तसा नाही. खोलीच्या भिंतींतून थोडी उष्णता झिरपली तरी हिशेबात गळती होते. ती टाळण्यासाठी चाचणीच्या खोलीभोवती आणखी एक कवच बांधतात आणि त्या पोकळीतील हवाही आतल्या तापमानाला ठेवतात. दोन्हीकडे सारखेच तापमान असेल तर उष्णतेला जायला कारण उरत नाही. हे सारे स्थिर होण्यास कित्येक तास लागतात. मध्येच वीज गेली किंवा दाब हलला तर सगळे पहिल्यापासून. त्यात इन्व्हर्टर एसी आल्यावर काम आणखी वाढले. हे यंत्र सदैव एकाच वेगाने चालत नाही, त्यामुळे त्याला पूर्ण भारावर आणि अर्ध्या भारावर अशी वेगवेगळी तपासावी लागते. १ जानेवारी २०१८ पासून सर्व एसींचे तारे आयसीअर या हंगामी गुणांकावर ठरतात. त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतचे बाहेरचे तापमान आणि वर्षाला १,६०० तासांचा वापर गृहीत धरलेला असतो. लेबलावर ‘वर्षाला इतके युनिट’ असे लिहिलेले असते ते या १,६०० तासांचे. रात्रभर आणि बाराही महिने एसी लावणाऱ्याने तो आकडा आपल्या बिलात शोधू नये.

ही गोष्ट आपल्या पुणेकर वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही. मोटारसायकलच्या जाहिरातीत ‘एआरएआय’चे मायलेज छापलेले असते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून वाहनांच्या क्षेत्रात काम करते आहे आणि तिचा आकडा लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत कोणालाही मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी तो आकडा निरुपयोगी नाही. सर्व गाड्या एकाच पद्धतीने तपासलेल्या असल्याने त्यांची एकमेकींशी तुलना करता येते. फ्रिजचेही तसेच. प्रयोगशाळेत फ्रिजचे दार उघडत नाहीत, कारण प्रत्येक घरातील दार उघडण्याची सवय निराळी. त्याची भरपाई म्हणून भोवतालची हवा चांगली उबदार ठेवतात. फ्रीझरमध्ये भाजी किंवा बर्फाऐवजी चरबीविरहित मांसाच्या औष्णिक गुणधर्मांशी जुळणारे लगद्याचे ठोकळे ठेवले जातात. कॉम्प्रेसर स्वतःच चालू-बंद होत राहतो म्हणून मोजणी दीर्घकाळ चालवावी लागते. दिव्यांसाठी आतून पांढरा मुलामा दिलेला मोठा पोकळ गोल वापरतात. दिव्याचा प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी गोलाच्या भिंतीवरून परावर्तित होत तो एकसारखा पसरतो आणि एकाच ठिकाणी मोजता येतो. एलईडी चिपचा प्रकाश काळानुसार किती मंदावतो हे पाहण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत किमान ६,००० तासांची आहे, म्हणजे अहोरात्र २५० दिवस. इतके दिवस प्रयोगशाळेतील एक जागा त्या नमुन्याने अडवलेली असते.

हे सर्व प्रस्तुत लेखिकेला समजले ते कर्जाच्या एका फाइलमुळे. मे २०२२ मध्ये आमच्या शाखेत एक लघुउद्योजक आले. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच संभाषण कन्नडमधून मराठीत आले. जवळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे लहानसे शेड. पंख्यांच्या मोटारी गुंडाळून देण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते आणि आता स्वतःच्या नावाचा बीएलडीसी पंखा बाजारात आणण्याची त्यांची इच्छा होती. पुढील जानेवारीपासून लेबलाशिवाय पंखा विकता येणार नाही, हे त्यांना माहीत होते आणि त्यातच त्यांना संधी दिसत होती. नेहमीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,६०० तास होतात. ७५ वॅटचा पंखा तेवढ्या वेळात २७० युनिट खाईल, ३० वॅटचा १०८. फरक १६२ युनिटांचा. युनिटला ७ रुपये धरले तरी वर्षाला एका पंख्यामागे ग्राहकाचे अकराशे रुपयांहून अधिक वाचतात. प्रकल्प अहवाल नीटनेटका होता. विक्रीचा अंदाज मात्र एका वाक्यावर उभा होता : ‘उत्पादनास पाच तारे मिळतील.’

पंख्याचे तारे ‘सर्व्हिस व्हॅल्यू’वर ठरतात. एक वॅट विजेच्या मोबदल्यात पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, तो हा आकडा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला त्या वेळच्या तक्त्यानुसार ४ पासून पहिला तारा मिळत होता, पुढे प्रत्येक अर्ध्या अंकाला एक तारा वाढे आणि ६ किंवा त्याहून अधिक झाले की पाच. शिवाय हवा मिनिटाला २१० घनमीटरपेक्षा कमी असून चालत नाही, नाहीतर पंखा हळू फिरवून कोणीही वीज वाचवील. उद्योजकांनी शेडमध्ये स्वतः मोजून पाहिले होते. हवा २१२ घनमीटर, वीज ३३ वॅट. भागाकार ६.४ च्या वर. निर्धास्त पाच तारे.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्यायला गेल्यावर त्यांना पहिली अडचण कळली. रांग होती. जानेवारीची तारीख सर्वांना एकच, त्यामुळे देशभरातील लहान-मोठे पंखे उत्पादक एकाच वेळी दाराशी आलेले. अहवाल हाती पडायला सप्टेंबर उजाडला. हवा २१२ घनमीटर, हा त्यांचाच आकडा. पण वीज ३६.५ वॅट. भागाकार ५.८. चार तारे.

त्या दिवशी ते शाखेत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. खोक्यांची छपाई झाली होती, वितरकाला पाच ताऱ्यांचा शब्द दिला होता आणि मुदत कर्जाचे व्याज दर महिन्याला खात्यावर पडत होते. “मॅडम, दुसऱ्या लॅबमध्ये दिला तर सहाच्या वर येईल का?” असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. प्रत्येक मोजणीत थोडी अनिश्चितता असतेच. दोन टक्क्यांची अनिश्चितता धरली तर ६ च्या उंबरठ्यावर ती ०.१२ इतकी होते. म्हणजे ५.९५ असलेला पंखा एका ठिकाणी चार ताऱ्यांत आणि दुसऱ्या ठिकाणी पाचांत बसू शकतो. परंतु ५.८ आणि ६.४ यांतील दरी अनिश्चिततेने भरून निघणारी नव्हती. कुठेतरी ढोबळ चूक होती.

ती चूक त्यांच्या मीटरची निघाली. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो आणि तो वीज सलग लहरीसारखी न घेता झटक्याझटक्यांनी घेतो. बाजारातला स्वस्त मीटर प्रवाह गुळगुळीत लहरीचा आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो, त्यामुळे अशा उपकरणाला तो फसतो. प्रयोगशाळेतील पॉवर अ‍ॅनालायझर प्रत्येक क्षणाचा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार करून खरी शक्ती काढतो. हवेच्या बाबतीत त्यांचा आकडा जुळला तो योगायोगच म्हणायचा. शेडची दारे उघडी, बाहेर वारा. प्रयोगशाळेत याच कामासाठी बंदिस्त कक्ष असतो. पंख्याचा वेग स्थिर होईपर्यंत थांबतात आणि मग पात्यांखाली ठरावीक अंतरावर, मध्यापासून बाहेरच्या बाजूस पायरीपायरीने वायुवेगमापक सरकवीत प्रत्येक वर्तुळातील वेग टिपतात. पाच-सहा वर्षे हिशेबतपासनिसांच्या शेजारी बसलेल्या माणसाला यात ओळखीचे काहीतरी दिसते. उद्योजकांनी स्वतःच्या वहीतील शिल्लक पासबुकाशी ताडून पाहिली नव्हती, एवढेच.

मग प्रयोगशाळेच्या मीटरचे पासबुक कोणते? येथे ‘अंशशोधन’ हा शब्द येतो. प्रयोगशाळेतील प्रत्येक तापमापक, प्रत्येक वॅटमापक ठरावीक मुदतीने त्याहून अचूक उपकरणाशी ताडून पाहावा लागतो, ते उपकरण आणखी अचूक उपकरणाशी, आणि ही साखळी शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या राष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचते. साखळीतील प्रत्येक कडीला दाखला असतो. हे दाखले, कामाच्या पद्धती आणि माणसांचे प्रशिक्षण तपासून एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था प्रयोगशाळेला मान्यता देते. त्यासाठी वापरले जाणारे आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक जगभर एकच आहे. याखेरीज तुलनात्मक चाचण्याही होतात. एकच एसी किंवा एकच दिवा क्रमाने अनेक प्रयोगशाळांत फिरवायचा आणि सर्वांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. ज्याचा आकडा फटकून असेल त्याने आपले घर तपासावे. आपल्याकडील शाखांच्या परस्पर तपासणीची आठवण व्हावी अशी ही रीत आहे, आणि दोन्हीकडे तिचे स्वागत सारख्याच उत्साहाने होत असावे.

अशी प्रयोगशाळा वाढवायची म्हणजे काय, याचा विचार बँक अधिकाऱ्याच्या नजरेने केला तर काही गोष्टी खुपतात. इमारत आणि उपकरणे यांत कोट्यवधींची गुंतवणूक आरंभीच करावी लागते. उत्पन्न येते ते चाचणी शुल्कातून, आणि एका कक्षात वर्षाला किती चाचण्या होतील याला घड्याळाची मर्यादा आहे. फ्रिजला अधिक पैसे दिले म्हणून तो लवकर गार होत नाही. प्रयोगशाळेचे स्वतःचे वीजबिलही भक्कम असते. मुख्य अडचण मात्र मागणीच्या स्वरूपात आहे. बीईई ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक करते, जेणेकरून उद्योगाने एका जागी बसू नये. जुन्या तक्त्यातील पाच ताऱ्यांचे उपकरण नव्या तक्त्यात चारावर किंवा तिनावर येते. त्यामुळे प्रत्येक नव्या तारखेच्या आधी काही महिने रांग लागते आणि तारीख उलटली की कक्ष तुलनेने मोकळे पडतात. हा लग्नसराईतील मंगल कार्यालयासारखा धंदा आहे. गर्दीच्या मापाने बांधावे तर एरवी पडून राहते, सरासरीच्या मापाने बांधावे तर गर्दीत लोक परत जातात. खाजगी गुंतवणूकदार साहजिकच सरासरीच्या मापाने बांधतो. म्हणून सीपीआरआयसारख्या शासकीय संस्था, उद्योग आणि शासन यांच्या सहकार्याने १९७४ साली वडोदऱ्यात उभी राहिलेली एर्डा ही संशोधन संस्था यांचे मोल अधिक. त्यांच्याकडे नफ्याचा हिशेब शेवटच्या ओळीत येत नाही.

माणसांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कक्ष विकत घेता येतो. कक्षातील काटा आज का हलतो आहे, हे केवळ पाहून ओळखणारा तंत्रज्ञ विकत मिळत नाही. तो वर्षानुवर्षांच्या सरावाने घडतो आणि घडला की एखादा मोठा उत्पादक त्याला दुप्पट पगारावर आपल्या प्रयोगशाळेत नेतो. आणि अंतराचेही विसरून चालणार नाही. मोठ्या कंपनीची स्वतःची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असते. कोल्हापूर, सांगली किंवा हुबळीच्या लहान उत्पादकाला मात्र नमुना ट्रकमध्ये घालून दूरच्या शहरात पाठवावा लागतो. तो नापास झाला तर दुरुस्ती करून पुन्हा तीच वाट. प्रयोगशाळांची संख्या कमी असण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, लहानाला ती अधिक पडते.

ग्राहकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाजू निराळी आहे. लेबलासाठी अर्ज करताना उत्पादक स्वतःहून आणलेल्या नमुन्याचा अहवाल देतो. तो नमुना उत्तम असणार हे उघड आहे. विवाहमंडळात दिलेला फोटो कोणी साधा काढतो का? म्हणून बीईई दुकानांतून किंवा गोदामांतून स्वतः नमुने उचलून स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घेते. पहिल्या तपासणीत नमुना लेबलाप्रमाणे उतरला नाही तर दुप्पट नमुने घेऊन दुसऱ्यांदा तपासणी होते. तीतही अपयश आले तर उत्पादकाला लेबल सुधारावे लागते वा माल बाजारातून मागे घ्यावा लागतो, आणि नाव जाहीर होण्याची नामुष्की असतेच. ही सारी व्यवस्था कागदावर चोख आहे. परंतु प्रयोगशाळांचे कक्ष जर नव्या अर्जांच्या नमुन्यांनीच भरलेले असतील, तर बाजारातून उचललेल्या नमुन्यांना जागा कोठून मिळणार? चाचणी क्षमता कमी पडली की सर्वप्रथम काट मारली जाण्याची भीती या फेरतपासणीलाच असते, आणि तिच्यावरच ग्राहकाचा भरवसा अवलंबून आहे. समजा, लेबलावर वर्षाला ८०० युनिट लिहिले आहेत आणि यंत्र प्रत्यक्षात १० टक्के अधिक खाते. वर्षाला ८० युनिट जास्त. युनिटला ८ रुपये दराने ६४० रुपये, दहा वर्षांत ६,४०० रुपये. पाच ताऱ्यांसाठी कर्ज काढून दिलेली जादा रक्कम त्यात बरीचशी वाहून जाते आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. घरच्या मीटरवर फ्रिज, गीझर, मिक्सर सगळेच एकत्र फिरते, त्यामुळे एकट्या एसीची चोरी पकडण्याचे साधन ग्राहकाजवळ नाही.

परदेशांचा अनुभव याला पुष्टी देतो. अमेरिकेत अशी लेबले १९८० पासून आहेत, ऑस्ट्रेलियात १९८६ पासून, युरोपीय समुदायाने १९९२ साली त्यासाठी निर्देश काढला. युरोपात तर कालांतराने इतकी उपकरणे वरच्या श्रेणीत जाऊन बसली की ‘अ’ अक्षरापुढे अधिकची तीन चिन्हे लावावी लागली. शेवटी मार्च २०२१ पासून अनेक उपकरणांसाठी ती सारी चिन्हे पुसून पुन्हा साध्या अक्षरांची श्रेणी आणली गेली. आणि २०१५ साली उघडकीस आलेले जर्मन मोटारींचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. आपली चाचणी चालू आहे हे गाडीतील संगणकच ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर कमी करीत असे. ते पकडले गेले ते गाड्या प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर चालवून मोजल्यामुळे. घरातील उपकरणांतही आता संगणकीय चिप असते.

ग्राहकांना आम्ही शाखेत आता काही गोष्टी आवर्जून सांगतो. लेबलावरील तारे पाहावेतच, पण त्यासोबत लेबल कोणत्या कालावधीचे आहे तेही पाहावे. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावरील पाच तारे आणि नव्या तक्त्याचे पाच तारे एक नव्हेत. ताऱ्यांच्या संख्येपेक्षा वार्षिक युनिटांचा आकडा अधिक बोलका असतो आणि एकाच आकाराच्या दोन उपकरणांत त्याचीच तुलना करावी. बीईईचे मोबाइल अ‍ॅप आहे, त्यात मॉडेल क्रमांक घालून लेबल खरोखर नोंदलेले आहे की नाही ते दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. दुकानदार थोडा नाराज होतो. होऊ द्यावे.

आमच्या उद्योजकांनी दुसरी प्रयोगशाळा शोधली नाही. त्यांनी उसने आणलेल्या चांगल्या मीटरवर पुन्हा मोजणी केली, पात्यांचा कोन बदलला, नियंत्रकाचा एक भाग बदलला आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. डिसेंबरअखेरीस दुसरा अहवाल आला. हवा २१८ घनमीटर, वीज ३४.५ वॅट, भागाकार ६.३. जानेवारीत लेबल मंजूर झाले. या सगळ्यात गेलेल्या वेळासाठी शाखेने कर्जाचा पहिला हप्ता तीन महिने पुढे ढकलला. तसा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवताना कारणांच्या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न पडला होता, कारण आमच्या छापील नमुन्यात ‘चाचणी’ हे कारणच नाही. मूळ मंजुरीच्या वेळी आम्हीही त्या वेळाचा हिशेब धरला नव्हता, हे टिपणीत मान्य करावे लागले. त्यांनी आणलेल्या पुढच्या, भिंतीवरच्या पंख्याच्या प्रकल्प अहवालात यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांच्या खाली एक नवी ओळ होती : ‘नमुना चाचणी, फेरचाचणी व लेबल मंजुरी – १४ आठवडे.’